पार्श्वभूमी : डॉक्टरांची नोंदणी आणि पुढाऱ्यांची जीभ

होमिओपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करावी का, या वादातून १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी संप केला. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या मजुराला या वादाचं फारसं सोयरसुतक नाही. ताप आला की तो पाटीवरची पदवी वाचत बसत नाही. ‘सलाईन लावा, उद्या कामावर जायचंय’ म्हणतो. समोरचा बीएचएमएस (होमिओपॅथीवाला) असो वा बीएएमएस (आयुर्वेदवाला), त्याच्यासाठी ‘डॉक्टरसाहेब’च. पुढाऱ्यांची भाषणं याच लोकांपुढे होतात. या वादावर बोलताना पुढारी मर्यादा कधी सोडतो, हा इथला प्रश्न.

नोंदणीचा घोळ जुना आहे. मुंबई इलाख्यात पहिला कायदा १९१२ चा. पूर्व आणि पश्चिम खानदेश त्याच इलाख्यात होते. वैद्य-हकिमांसाठी वेगळा कायदा १९३८ साली आला, मग १९६१ चा महाराष्ट्राचा. नोंदवह्या वेगळ्या झाल्या, औषधं मात्र सगळ्यांना एकाच मेडिकलमधून मिळत राहिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात अ‍ॅलोपॅथीची औषधं देणाऱ्या एका होमिओपॅथला दोषी धरलं. जी पद्धत शिकलेली नाही ती वापरणारा भोंदू, असं न्यायालयाने स्पष्टच म्हटलं. पुढे २०१४ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून आधुनिक औषधांचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना अ‍ॅलोपॅथीची औषधं देण्याची मर्यादित मुभा दिली आणि त्याविरोधात अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात वैद्यकीय शिक्षण खातं जामनेरच्या गिरीश महाजनांकडेही होतं, त्यामुळे हा विषय जळगावला परका नव्हता.

न्यायालयाचा ‘भोंदू’ हा शब्द कडकच होता. पण तो पुरावा तपासून, एका माणसाच्या एका कृत्याला लावलेला होता. तोच शब्द सभेत सगळ्या होमिओपॅथांवर फेकला तर ती शिवी होते. उलट बाजूही आहे: नोंदणीचा प्रश्न विचारणाऱ्या एमबीबीएसवाल्याला ‘धंदा बुडेल म्हणून ओरडतोय’ म्हणणं हेही उत्तर नव्हे. वक्ता कायद्यावर बोलतोय की माणसांवर, हे मी आधी पाहतो. आवाज चढला की नाही, हे नंतर. खानदेशी बोलणं मुळातच रोखठोक. त्यावरून कुणाला असभ्य ठरवायचं तर अर्धा तालुका आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा लागेल.

ऑगस्ट २०२० मध्ये संजय राऊत डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरला जास्त कळतं, अशा अर्थाचं बोलले. निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ने माफीची मागणी केली, अपमानाचा हेतू नव्हता, असं राऊतांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी बोदवडच्या प्रचारात गुलाबराव पाटलांनी रस्त्यांची तुलना एका अभिनेत्रीच्या गालांशी केली. तिथे राज्य महिला आयोग उभा राहिला आणि माफी आली. डॉक्टरकीबद्दलच्या विधानाला असा आयोग नाही. वैद्यक परिषद डॉक्टरांचं वर्तन तपासते, पुढाऱ्यांचं नाही. विधिमंडळात बोललेल्याला राज्यघटनेच्या कलम १९४ चं संरक्षण असतं. तिथला असंसदीय शब्द अध्यक्ष फार तर कामकाजातून काढतात. निवडणूक आयोगाची आचारसंहिता निवडणुकीपुरती. अब्रुनुकसानीचा दावा करता येतो, पण समूहाच्या वतीने तो टिकवणं अवघड. उरतात ते सभेला आलेले श्रोते, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा दवाखाना बीएचएमएसचा असतो.