मालदांडीच्या गावात शास्त्रज्ञ असणं : सोलापूरच्या पीक संशोधनाची पार्श्वभूमी

पीक पैदासकार, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणारा शास्त्रज्ञ, म्हणून नोकरीला लागलेल्या कुणालाही वाटतं, निवृत्तीच्या आत आपल्या नावावर एखादा वाण लागावा. सोलापूरला नेमणूक झालेल्या ज्वारी पैदासकाराच्या या इच्छेपुढे मालदांडी ३५-१ उभी असते. १९३० च्या दशकात मोहोळच्या सरकारी प्रक्षेत्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा वाण. ‘एम ३५-१’ म्हणतात तो हाच. देश स्वतंत्र व्हायच्या आधीचा हा वाण आजही पेरला जातो, आणि रब्बी ज्वारीचा नवा वाण चाचणीत उतरला की शेजारच्या ओळीत तुलनेला हीच ज्वारी असते. तिला हरवल्याशिवाय पुढची पायरी नाही.

सोलापुरात पीक संशोधन आणि विस्तार, म्हणजे ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणं, या दोन्हींची धुरा सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी इथला पाऊस समजून घ्यावा लागतो. वर्षाला साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि तोही दोन हप्त्यांत. जून-जुलैत थोडा पडतो, ऑगस्टात ओढ देतो, सप्टेंबरात परत येतो. खरिपावर विसंबून चालत नाही, म्हणून इथला शेतकरी काळं रान पावसाळाभर मोकळं ठेवायचा, कुळवत राहायचा आणि उत्तरा-हस्ताच्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा. पेरणीनंतर पावसाचा थेंब पडला नाही तरी मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठलेलं असतं, त्यावर कणीस भरतं. अर्थात सप्टेंबरचा पाऊस झाला तर. १८७६-७७ आणि १८९६-९७ या दोन्ही दुष्काळांत सोलापूर होरपळलं ते ही साखळी तुटल्यामुळेच.

इंग्रज सरकारचा पहिला इलाज तलावांचा होता. शहराजवळचा एकरुख तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. पण तलावाचं पाणी पोचणार किती रानांना? बाकीच्या जिरायतीचं काय करायचं, हा प्रश्न शास्त्रज्ञांकडे यायला विसावं शतक उजाडावं लागलं. पुण्याजवळ मांजरीला १९२३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. पुढे शेतीसाठी नेमलेल्या लिनलिथगो आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये कृषी संशोधनाची मध्यवर्ती परिषद उभी राहिली, आणि तिच्या पैशातून १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू संशोधन केंद्रं निघाली. हगरी, रायचूर, रोहतक ही पाठोपाठची.

सोलापूरच्या कामाशी जोडलेलं पहिलं मोठं नाव एन. व्ही. कानिटकर यांचं. त्यांचा पिंड मृदाशास्त्रज्ञाचा, म्हणजे पिकापेक्षा जमिनीकडे आधी बघणारा. उतारावरच्या शेतातून पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून जाते, हे इथं मोजायला सुरुवात झाली. त्या मोजमापातून आणि प्रयोगांतून जी शिफारस तयार झाली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणतात : बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत द्या, बी कमी वापरा, ओळी एकमेकींपासून लांब ठेवा आणि कोळपण्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती अवजारानं हलवण्याच्या पाळ्या, वाढवा.

यातल्या कोळपणीपाशी जरा थांबायला हवं, कारण सोलापूरच्या विस्तारकार्याचा गाभा तिथं आहे. डिसेंबर उजाडला की काळी जमीन आकसते आणि तिला भेगा पडतात. सुरुवातीला बोट जाईल एवढ्या, जानेवारीत हात जाईल एवढ्या. या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. पीक तीन आठवड्यांचं असताना फटीचं कोळपं चालवायचं, पाचव्या आठवड्यात दुसरी पाळी, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास, भेगा रुंदावायच्या आत, दातेरी कोळप्यानं तिसरी. तण तर निघतंच, पण वरची माती भुसभुशीत होऊन भेगांत उतरते आणि खालच्या ओलीवर पांघरूण पडतं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतातच, संशोधन केंद्रानं त्याला पाळ्यांचे आठवडे आणि अवजाराचा प्रकार जोडून दिला. चांगला विस्तार अधिकारी हे भाषणात सांगत नाही. पिकाच्या दोन ओळींत कोळपं चालवायचं, दोन ओळींत नाही, आणि महिन्यानं शेतकऱ्यालाच दोन्हीकडची माती उकरायला लावायची, एवढं पुरतं.

तरीही ही संपूर्ण पद्धत गावोगाव रुजली नाही, हे मान्य करायला हवं. उत्पन्नात वाढ व्हायची ती पंधरा-वीस टक्क्यांची, आणि मुळात उतारा इतका कमी की एवढ्या वाढीतून बैलाचा आणि मजुरीचा खर्चही निघू नये. बांधांचं तर उलटच झालं. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानं समपातळी बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, दुष्काळी कामांतही माणसांच्या हाताला बांधबंदिस्तीच मिळायची. हलक्या, मुरमाड रानात त्याचा उपयोग झाला. खोल काळ्या रानात मात्र पाणी जिरत नाही, बांधाला तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि एखाद्या जोराच्या पावसात बांधच फुटतो. अशा जमिनीत पाण्याला वाट करून देणारे ढाळीचे बांध हवेत, असं पुढं शास्त्रज्ञ सांगू लागले. माझ्या मते सोलापूरच्या संशोधनानं शिकवलेला सगळ्यांत मोठा धडा हाच, की एका तालुक्यातल्या दोन शिवारांना एकच शिफारस देता येत नाही. तो कृषी खात्याच्या अंगवळणी पडायला काही दशकं गेली.

ज्वारीच्या बाबतीत असाच आणखी एक हिसका बसला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात त्यानं उत्पादनाचं चित्र पालटलं. रब्बीतही संकरित आणायचे प्रयत्न झाले. पण सोलापूर, मंगळवेढा, बार्शीच्या शेतकऱ्याला ज्वारीकडून तीन गोष्टी हव्या असतात. मोत्यासारखा टपोरा, पांढरा दाणा. भाकरी थापताना कडा चिरणार नाहीत असं विरी, म्हणजे चिकटपणा, असलेलं पीठ. आणि उंच, गोड, जनावर हावरेपणानं खाईल असा कडबा. संकरित ज्वारी धान्याच्या पोत्यात जिंकायची आणि कडब्याच्या पेंडीत हरायची. दुष्काळी वर्षात कडब्याचा शेकड्याचा भाव धान्याला मागं टाकतो, तिथं फक्त क्विंटल मोजणारा शास्त्रज्ञ अर्धंच शेत बघत असतो. वाणाच्या परीक्षेत घरातल्या बाईचं मत किती महत्त्वाचं, हे इथं काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तिनं ‘भाकरी फुगत नाही’ म्हटलं की त्या घरातून वाण बाद.

१९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठ आलं, लवकरच त्याची चार झाली, आणि सोलापूरचं केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे गेलं. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूर होतं. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीची कामं, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी हे सगळं त्या पिढीच्या तोंडून अजून ऐकायला मिळतं. कोरडवाहू संशोधनाला सरकारदरबारी वजन आलं ते याच काळात. पुढं सोलापूर अवर्षणप्रवण विभागाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र झालं, म्हणजे इथल्या प्रमुखाच्या नजरेखाली फक्त ज्वारी न राहता करडई, हरभरा, तूर, बाजरी अशी अख्खी पीकपद्धती आली.

विद्यापीठाच्या रचनेत शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण ही तीन कामं एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. सहायक प्राध्यापक म्हणून लागलेला माणूस एका हंगामात ओळी निवडतो, दुसऱ्या हंगामात विद्यार्थ्यांना शिकवतो आणि मधल्या काळात शेतकरी मेळाव्यात उभा राहतो. वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. केंद्रावरची चाचणी, मग अनेक ठिकाणच्या चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या शेतावरची, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत, सादरीकरण. तिथं समोर बसलेले लोक याच धंद्यातले असतात, त्यामुळे आकडे गोड करून सांगता येत नाहीत. शिफारस झाली तरी पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याची साखळी उभी राहीपर्यंत वाण कागदावरच असतो. बियाणं मिळत नसताना वाणाचा प्रचार करणं हा विस्तारातला सगळ्यांत जुना दोष आहे, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

या साखळीतून मालदांडीला पर्याय आले, पण एका वाणाच्या रूपात नाही. जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण द्यायचं धोरण ठरलं. हलक्या रानाला फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा फुले चित्रा, भारीला फुले वसुधा, बागायतीला फुले रेवती. हुरड्याला फुले मधुर, लाह्यांना फुले पंचमी. कृषी सहायकाच्या दृष्टीनं यात मोठी सोय झाली. ‘कुठला वाण चांगला?’ या प्रश्नाला तो उलट विचारू शकतो, ‘रान किती खोल आहे?’

उजनी धरणाचं पाणी १९८० नंतर खेळू लागलं तसा ऊस वाढला, साखर कारखाने वाढले आणि जिल्ह्याचं राजकारण उसाभोवती फिरू लागलं. कोरडवाहूचं संशोधन मागच्या बाकावर गेलं. त्याच काळात सांगोल्यासारख्या माळरानी तालुक्यात डाळिंब उभं राहिलं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं त्याला हात दिला, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरला आलं. केंद्र आलं आणि त्याच सुमारास तेल्यानं बागा झोडपल्या. हा जिवाणूजन्य रोग रोपातून, पावसाच्या शिंतोड्यातून, छाटणीच्या कात्रीतून पसरतो. त्यामुळे इथं विस्तार म्हणजे शिस्त शिकवणं ठरलं : निरोगी रोपं आणा, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा, पावसाळ्यात फळ येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरा, बागेला विश्रांती द्या. एकट्यानं पाळून भागत नाही, शेजाऱ्याची बाग रोगट असेल तर सगळं पाण्यात. ज्वारीच्या शास्त्रज्ञाला शेतकऱ्याला पटवावं लागतं, डाळिंबाच्या शास्त्रज्ञाला अख्ख्या शिवाराला. नंतर खोडाला भोकं पाडणाऱ्या पिन होल बोररनं सांगोल्यातल्या कितीतरी बागा काढायला लावल्या, तेव्हा हे पुन्हा दिसलं.

२०१६ मध्ये मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सोलापूरसाठी श्री अन्न, म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांच्या, उत्कृष्टता केंद्राची घोषणा झाली. शहरात ज्वारीला पुन्हा दिवस आले आहेत, तब्येतीच्या नावाखाली का होईना.

शिवारात मात्र अडचण वेगळी आहे. शाळू उपटून काढावा लागतो. उपटा, पेंड्या बांधा, कणसं मोडा, मळा. आणि हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून ज्वारीच्या रानात हरभरा किंवा ऊस जातो. कापणी यंत्रानं करायची तर ताट बुटकं, न लोळणारं हवं. ताट बुटकं केलं की कडबा घटतो, आणि कडबा घटला की शेतकरी पुन्हा मालदांडीकडे वळतो. आज केंद्रावर रुजू होणाऱ्या पैदासकाराला यंत्राच्या पात्यात बसेल आणि तरी गोठ्यात पुरेल, असं ताट शोधायचं आहे.