तेल लावल्यावर केस जास्त गळतात? बाटली परत आणायच्या आधी हे वाचा

आम्ही माक्याचं (भृंगराज) केसांचं तेल बनवून विकतो. दर रविवारी दुपारी आमचा फोन सुरू होतो. रात्री तेल लावलं, सकाळी न्हायले तर हातात गुंता आला, तुमचं तेल मला सूट होत नाही, परत घ्या. सोबत व्हॉट्सअपवर फोटो, केसाच्या टोकाला पांढरा ठिपका आणि खाली "मुळासकट आला बघा".

तो ठिपका मूळ नाहीये. केसाची वाढ संपली की आतलं टोक सुकून तसं गोल होतं, मूळ त्वचेतच राहतं आणि पुढचा केस तिथूनच येतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, आणि तुम्ही आठवड्यातून एकदाच न्हाता म्हणजे सुटून आत अडकलेले सगळे त्याच दिवशी मालिश करताना हातात येतात, ते तसेही जाणारच होते. पण लोक घाबरतात, तेल बंद करतात, दुसरं आणतात, पंधरा दिवसांनी तिसरं. अहो केस महिन्याला वाढतो जेमतेम १ सेंटीमीटर, पंधरा दिवसांत काय दिसणार? तीन महिने एकच तेल ठेवा, कुठलंही.

ठिपका नसलेले आखूड तुकडे मात्र बघा, ते तुटलेले केस. ठाण्यात घोडबंदर साइडला बोअर-टँकरच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, वर ओल्यावरच कंगवा. इथे तेलाचा खरा उपयोग. बोटांच्या पेरांनी हलकं लावा, नखं नको.

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात ते बहुतेकदा आपोआप परत येतात, त्याचं क्रेडिट आम्ही घेत नाही. नाण्याएवढी चाई, म्हणजे केस जाऊन गोल चट्टा पडला असेल तर लसूण चोळू नका, कातडी भाजून आलेली माणसं आम्ही पाहिलीत, स्किनच्या डॉक्टरांकडे जा. आणि तुळतुळीत टकलावर आमच्या तेलाने केस येत नाहीत, हे आम्ही काउंटरवरच सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आमचं तेल महाग का, तर १ लिटर खोबरेल तेलात ४ लिटर माक्याचा रस मंद आचेवर आटवतो. तेलात वात भिजवून पेटवायची, तडतडली म्हणजे पाणी शिल्लक आहे, कढई परत गॅसवर. हिरवट काळा रंग माक्याचाच.

उघडलेली बाटली परत घेत नाही, डोक्याला लावायची वस्तू आहे, दुसऱ्याला कशी देणार? म्हणून पहिल्यांदा ५० मिलीचीच घ्या. पटलं तर रिकामी बाटली धुऊन, पूर्ण वाळवून आणा, भरून देतो, बाटलीचे पैसे कमी. थंडीत तेल जमलं तर कोमट पाण्यात उभी ठेवा, गॅसवर नको.