सर्पगंधा : मनोविकारांवरील उपयोग व संशोधन

कण्हेरीच्या कुलातील राउवोल्फिया सर्पेंटिना या झुडपाचे मूळ आणि त्यातील रेसर्पिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्य) यांचा छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), उन्माद व तत्सम विकारांवर झालेला उपयोग, आणि त्यातून नैराश्याच्या जैवरासायनिक मीमांसेला मिळालेली दिशा, एवढाच या नोंदीचा विषय आहे. मराठीत या वनस्पतीला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. कोकणात व सह्याद्रीच्या ओलसर रानांत ती आढळते. आशियाई रुग्णांवरील प्रत्यक्ष निरीक्षणांतून आधुनिक मनोविकारचिकित्सेत आलेले हे बहुधा पहिले महत्त्वाचे औषध होय.

‘सर्पगंधा’ या नावाविषयी मतभेद आहेत. मुळाचा आकार सापासारखा वळणदार म्हणून हे नाव पडले असे काही जण मानतात, तर गंधाने साप दूर पळतो म्हणून पडले असे इतरांचे मत आहे. दुसरे मत स्वीकारणे कठीण जाते. वाळलेले मूळ हातात घेतले तर ते फिकट तपकिरी, सुरकुतलेले, वेडेवाकडे दिसते; वाकवू गेल्यास कट्‌कन मोडते आणि आतून पिवळसर पांढरे निघते; जिभेला लावल्यास जहाल कडू लागते. वास मात्र त्याला जवळजवळ नसतोच. प्राचीन संहितांतील ‘सर्पगंधा’ आणि निघंटूंतील (वनौषधिकोशांतील) ‘नाकुली’ व ‘गंधनाकुली’ म्हणजे हीच वनस्पती, असे सर्रास लिहिले जाते. तथापि हे उल्लेख मुख्यतः विषचिकित्सेच्या संदर्भातले असून त्यांतील वर्णने इतकी त्रोटक आहेत की वनस्पतीची ओळख निश्चित मानता येत नाही. उन्मादावरील तिच्या उपयोगाचे मूळ शास्त्रग्रंथांपेक्षा लोकव्यवहारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. बिहारमध्ये हे मूळ ‘पागल की दवा’ या नावाने विकले जाई, आणि हे नाव कोणत्याही संहितेपेक्षा स्पष्ट पुरावा देते.

यूरोपीय नोंदींत गार्सिया द ऑर्ता याचा गोव्यात १५६३ मध्ये छापलेला औषधींवरील संवादरूप ग्रंथ सर्वांत जुना मानतात. त्यात ‘पाउ द कोब्रा’ म्हणजे सर्पकाष्ठ या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती आल्या आहेत. त्यांपैकी एक सर्पगंधा असावी असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. तो संभवनीय आहे, सिद्ध नाही. प्रजातीचे नाव शार्ल प्ल्युमिये याने १७०३ मध्ये लेओनहार्ट राउवोल्फ या आउग्सबुर्गच्या वैद्याच्या स्मरणार्थ दिले. राउवोल्फचा प्रवास १५७३ नंतरच्या काही वर्षांत पश्चिम आशियात झाला. तो हिंदुस्थानात आलाच नाही. त्यानेच ही वनस्पती येथून नेली, अशी लोकप्रिय लेखनात वारंवार येणारी हकीकत निराधार आहे.

आधुनिक संशोधनाचा आरंभ १९३१ पासून धरतात. त्या वर्षी दोन स्वतंत्र कामे प्रसिद्ध झाली. दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळापासून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी काहींना दिल्लीचे युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन, अजमलिसीन अशी नावे दिली. कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोन्हींवरील ‘नवे भारतीय औषध’ म्हणून या मुळाचा वृत्तांत छापला. २० ते ३० ग्रेन, म्हणजे सुमारे १·३ ते २ ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिल्यास झोप येते, रक्तदाब उतरतो आणि हिंसक लक्षणे निवतात, असे त्यांनी नोंदवले. त्यांच्या रुग्णांचे आजच्या अर्थाने निदान झालेले नव्हते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. असे असले तरी मनोविकारांवरील या औषधाचा पहिला वैद्यकीय वृत्तांत हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाश्चात्त्य इतिहासग्रंथांत हा मान नेथन क्लाइन यांच्या १९५४ च्या अमेरिकन वृत्तांताला (त्याविषयी पुढे येईल) देण्याची प्रथा आहे, ती दुरुस्त व्हायला हवी.

पुढचा प्रश्न तांत्रिक होता, पण त्याचे उत्तर मिळायला दोन दशके लागली : मन शांत करणारा घटक कोणता? सिद्दिकींच्या पाच अल्कलॉइडांत तो नव्हता. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून प्राण्यांवर प्रयोग केले. शुद्ध अल्कलॉइडांनी जो गुण येत नव्हता तो मुळाच्या अशुद्ध अर्काने येई. १९४४ मध्ये जे. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी मुळातील राळयुक्त अंशाने झोप येते असे दाखवले. एरवी रसायनज्ञ स्फटिक हाती लागल्यावर राळ टाकून देतात. येथे औषध राळेतच होते. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी रेसर्पिन वेगळे केले. शुद्ध घटक मिळवण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे. मात्र तो कोठे शोधावा हे कलकत्त्याने आठ वर्षे आधी सांगून ठेवले होते.

याच गुप्ता यांनी देब व काहली यांच्यासह मनोरुग्णांवरील प्राथमिक निरीक्षणे १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या दशकात भारतीय मनोरुग्णालयांतून या मुळाचा वापर कितपत झाला याविषयी छापील साधने फार थोडी आहेत.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील रक्तदाबविषयक चाचणी प्रसिद्ध केली आणि औषध जगाच्या नजरेत आले. त्यांचा विषय मनोविकार हा नव्हता. तथापि त्यांच्या शिस्तबद्ध मोजमापामुळेच परदेशी वैद्यकाने या मुळाकडे गांभीर्याने पाहिले. १९५३ मध्ये अहमदाबादचे आर. ए. हकीम यांनी मानसिक रोगांवरील देशी औषधांविषयी निबंध वाचला. त्याची वार्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली आणि ती वाचून तेथील रॉकलंड राज्य रुग्णालयातील नेथन क्लाइन यांनी प्रयोग सुरू केले, असे सांगतात. क्लाइन यांचा वृत्तांत १९५४ मध्ये निघाला. वॉर्डांतील फुटणाऱ्या काचांची संख्या घटल्याचे सर्वांत आधी काचा बसवणाऱ्याच्या लक्षात आले, ही त्या काळची आठवण प्रसिद्ध आहे. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील, क्लाइन आणि रॉबर्ट नोस यांना रेसर्पिनसाठी, तर लाबोरी, देनिकेर व लेमन यांना क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरील दुसऱ्या औषधासाठी मिळाला.

छिन्नमनस्कतेत रेसर्पिनची मात्रा रक्तदाबाच्या मात्रेहून कितीतरी अधिक लागे. रक्तदाबासाठी दिवसाला पाव मिलिग्रॅमही पुरते. मनोरुग्णांना कित्येक मिलिग्रॅम देत. गुण सावकाश येई. बार्सा व क्लाइन यांनी उपचाराचे तीन टप्पे वर्णिले आहेत : आधी शांतता, मग खळबळीचा काळ, आणि शेवटी रुग्णाचे सावरणे. मधला टप्पा रुग्ण, नातेवाईक आणि परिचारक या सर्वांनाच कठीण जाई, व अनेक ठिकाणी औषध तेथेच बंद केले जाई. कंपवातासारखा ताठरपणा, रक्तदाब फार उतरणे, अतिसार, नाक चोंदणे हे उपद्रव होतेच. क्लोरप्रोमाझिन लवकर व अधिक खात्रीने गुण देत असल्याने १९६० च्या आसपास रेसर्पिन मागे पडले.

रेसर्पिन चेतापेशीतील ज्या सूक्ष्म पुटिकांत सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलीन व डोपामीन ही संदेशवाहक द्रव्ये (मोनोअमाइने) साठवली जातात त्यांत ही द्रव्ये भरणारा वाहक बंद पाडते. साठा न झालेली द्रव्ये पेशीतच मोडली जातात आणि मेंदू त्यांना पारखा होतो. ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये सेरोटोनिनची ही घट दाखवली. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन व सहकाऱ्यांनी रेसर्पिन दिलेल्या, कान पाडून निश्चल बसलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून शरीरात डोपामीन बनते ते द्रव्य) टोचले तेव्हा ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. डोपामीनचे मेंदूतील कार्य उलगडण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तदाबासाठी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्यांना नैराश्य येते, असे वृत्तांत १९५४ पासून येऊ लागले. त्यांची सांगड वरील घटीशी घालून नैराश्य म्हणजे मेंदूतील मोनोअमाइनांची कमतरता, हा सिद्धांत उभा राहिला. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी त्याला सुघटित रूप दिले. या पुराव्याकडे मात्र नीट पाहायला हवे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस व शेपर्ड यांनी १९५५ मध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर निष्क्रिय गोळीशी तुलना करून चाचणी घेतली, तीत रेसर्पिनने रुग्णांना बरे वाटले. ही चाचणी तीन दशके जवळजवळ विस्मृतीत गेली. गुडविन व बनी यांनी १९७१ मध्ये फेरतपासणी करून खरे नैराश्य थोड्याच रुग्णांना, विशेषतः पूर्वी ते येऊन गेलेल्यांना, होते असे दाखवले. इतरांत गुंगी व मंदपणा यांनाच नैराश्य म्हटले गेले होते. बाउमाइस्टर व सहकारी तर २००३ मध्ये रेसर्पिनजन्य नैराश्याला ‘मिथक’ म्हणतात. इतके टोक गाठण्याचे कारण दिसत नाही. पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाला धोका आहे आणि तो मानूनच चालावे. सिद्धांताचा पाया म्हणून मात्र हा पुरावा अपुरा होता.

आज मनोविकारांवर रेसर्पिन सहसा दिले जात नाही. त्याच वाहकावर, पण थोड्या काळापुरते, काम करणारी टेट्राबेनाझिन व व्हालबेनाझिन ही औषधे अनैच्छिक हालचालींच्या विकारांत वापरतात. त्यांत मनोविकारांच्या इतर औषधांमुळे उद्भवणाऱ्या हालचालीही येतात. निद्रानाशासाठी सर्पगंधाच्या गोळ्या मात्र अजूनही दुकानांतून मिळतात. नैराश्य येऊन गेलेल्यांनी, गर्भवतींनी आणि मानसोपचारतज्ज्ञाची औषधे चालू असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, कारण ‘झाडपाल्याची’ म्हणून गोळीतील रेसर्पिन सौम्य होत नाही.

औषध मुळात असल्याने झाड समूळ उपटावे लागते. १९५० नंतरच्या प्रचंड मागणीने बिहार व हिमालयाच्या पायथ्याचे साठे विरळ झाले आणि व्यापार आफ्रिकेतील राउवोल्फिया व्होमिटोरिया या जातीकडे वळला. भारतीय जाती धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून रानातील मुळांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.