व्हाइटटेल हरणाची फ्रेम भिंतीवर आली कुठून

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडच्या बऱ्याच घरांत शेकोटीच्या वर एक फ्रेम दिसते, बर्फ, मागे झाडी आणि मधे मान वळवून बघणारा दांडग्या शिंगांचा नर. ही नुसती शोभेची वस्तू म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण पांढऱ्या शेपटीचं हे हरीण मधे जवळजवळ संपत आलं होतं आणि नेमकं त्याच काळात त्याचं चित्र घरोघरी पोचलं.

सुरुवात महागड्या चित्रांनी झाली. चित्रकार ऑड्युबॉन आपल्याला पक्ष्यांच्या चित्रांमुळे माहीत असतो, पण उतारवयात त्याने जॉन बाखमन या पाद्र्याबरोबर उत्तर अमेरिकेतले सस्तन प्राणी चितारायला घेतले, 1845 ते 1848 मधे त्याच्या 150 प्लेट फिलाडेल्फियात दगडावरून छापून हाताने रंगवल्या गेल्या, आणि तब्येत ढासळल्यावर जवळपास अर्धी चित्रं मुलगा जॉन वुडहाउसने काढली. व्हाइटटेल त्यातही आहे, पण ते सगळं वर्गणीदारांसाठी. सामान्य माणसाच्या भिंतीवर हरीण आणलं ते न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्ज या चित्रं छापणाऱ्या कंपनीने. लांब टेबलाभोवती बायका बसायच्या, प्रत्येकीकडे एक रंग, चित्र पुढे पुढे सरकायचं, आणि लहान प्रिंट काही सेंटमधे मिळायचं. रविवर्मा प्रेसने 1894 नंतर आपल्याकडे देवादिकांच्या चित्रांचं जे केलं तसंच काहीसं. करिअर अँड आइव्ह्जसाठी आर्थर टेट हा लिव्हरपूलहून आलेला चित्रकार न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात राहून शिकारीची आणि हरणांची चित्रं काढायचा. (जुन्या बाजारात असं प्रिंट दिसलं तर भिंगातून बघा, ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची ऑफसेट नक्कल.)

आणि तेव्हा जंगलात काय चाललं होतं? कातड्याचा व्यापार आधीच झाला होता, मग जंगलं तुटली, रेल्वे आली, हरणाचं मटण शहरांच्या बाजारात जायला लागलं. युरोपियन येण्याआधी 2 ते 3 कोटी हरणं असावीत असा अंदाज आहे, 1900 च्या सुमाराला उरली 3 ते 5 लाख. व्हरमाँटमधे तर 1878 साली न्यूयॉर्कहून 17 हरणं आणून सोडावी लागली, फक्त सतरा! मग 1900 चा लेसी कायदा आला, बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात विकायला बंदी झाली, आणि 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा वन्यजीवांच्या कामाला मिळायला लागला. आज हरणं पुन्हा 3 कोटींच्या आसपास आहेत.

हरणं परतली तशी चित्रंही बदलली. 1934 मधे डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकाऱ्यांनी विकत घ्यायचं बदकाच्या चित्राचं सरकारी तिकीट, आल्यानंतर त्या बदकांची सही केलेली, नंबर घातलेली प्रिंट्स निघायला लागली, 1970-80 च्या दशकांत तो धंदा जोरात होता, हरणंही त्यात आली आणि संवर्धन संस्थांच्या जेवणावळीत फ्रेम्सचे लिलाव व्हायला लागले. म्हणजे चित्रातून हरणासाठी पैसा उभा राहिला, ही गोष्ट मला फार आवडते.

फक्त चित्र निसर्गाशी प्रामाणिक हवं. काळवीटाची शिंगं कायमची, पण व्हाइटटेलची, आपल्या चितळ-सांबरासारखी, दरवर्षी गळून नवी येतात. उन्हाळाभर ती मखमली कातडीत वाढतात, सप्टेंबरमधे कातडी गळते, नोव्हेंबरच्या आसपास नर माजावर येतो. पाडसं मे-जूनमधे जन्मतात, आणि चितळाचे ठिपके जन्मभर राहत असले तरी यांचे तीन-चार महिन्यांत जातात. त्यामुळे बर्फात मोठ्या शिंगांचा नर आणि शेजारी ठिपक्यांचं पाडस असं 'सुखी कुटुंब' दाखवलं असेल तर ते चुकीचं आहे, नर पाडसांची काळजी घेतच नाही. आणि तशी भरघोस शिंगं यायला पाच-सहा वर्षं जगावं लागतं, जिथे शिकार जास्त तिथे बहुतेक नर तेवढे जगतच नाहीत. माझ्या भिंतीवर लावायचं तर मी गवतात दबून बसलेलं, अजिबात न हलणारं पाडस निवडेन, आई चरायला गेलेली असताना ते खरंच तसंच बसून असतं.