नाव अडणं वेगळं, प्रसंगच पुसला जाणं वेगळं

"१९३६, मँचेस्टर! मर्चंटबरोबर सलामीला आला आणि शतक ठोकलं. परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय, आपल्या इंदूरचा! अरे वो... क्या नाम उसका!" नाव अडलं की आपल्या इंदुरी मराठी माणसाला हटकून हिंदी सुचते. नात नुसतं "मुश्..." म्हणते आणि आजोबा पुरं करतात, "मुश्ताक अली!"

घरचे अशा वेळी धसका घेतात. पण इथे हरवलंय काय? वर्ष, मैदान, जोडीदार सगळं शाबूत आहे. वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो आणि त्याचा फटका आधी विशेषनामांना बसतो. समोरचा माणूस सुतारकाम करतो हे लक्षात राहतं, कारण त्याला रंधा, करवत, लाकूड असे दहा धागे असतात. त्याचं आडनाव सुतार आहे हे मात्र निसटतं. म्हणून आपणहून आठवणं जड जातं, पण चार नावं समोर ठेवली तर बरोबर ओळखता येतं. टीव्ही चालू असताना हिशेब करणंही अवघड होतं. शब्दसंपत्ती मात्र सत्तरीतही चांगली टिकते.

आता दुसरी गोष्ट. पुण्याहून नातू सकाळी आला, दार आजोबांनीच उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत तीनदा विचारतात, "तो कधी येणार?" आठवण करून दिली तरी चेहरा कोराच. अल्झायमरमध्ये सहसा आधी हिप्पोकॅम्पस बिघडतो, म्हणजे नवी आठवण नोंदवणारा भाग. नोंदच नीट झाली नसेल तर नातीच्या "मुश्..."सारखा इशारा देऊनही फारसं काही हाती लागत नाही. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात, आणि तिथेच घरचे फसतात. "होळकर क्रिकेट संघाच्या गोष्टी घडाघडा सांगतात, यांना काय होतंय!" माझ्या मते घाबरायचं ते इथे. नेहमीच्या रस्त्यावर, अगदी राजवाड्यापाशी वाट चुकणं किंवा रोजच्या व्यवहारात गोंधळ होणं दिसू लागलं, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

अर्थात इशाऱ्याने आठवतं की नाही, ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. कानही तपासून घ्यावेत. सांगितलेलं ऐकूच आलं नसेल, तर ते लक्षात कुठून राहणार?