हापसा बंद पडतो, दोष मात्र गावाला

गरीब देशांत टेक्नॉलॉजी का रुजत नाही असा विषय निघाला की लोक पटकन बोलून मोकळे होतात, शिक्षण नाही, भ्रष्टाचार फार, आणि लोकांना वस्तू जपताच येत नाही. यातलं शेवटचं मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला गावातला हापसा पुरेसा आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी बिहारमधे दुष्काळ पडला, १९७२ ला आपल्याकडे पडला. त्या काळात युनिसेफच्या मदतीने हवेच्या दाबावर चालणाऱ्या बोअरच्या मशिनी आल्या, दख्खनच्या काळ्या पाषाणातही भराभर बोअर पडायला लागल्या आणि प्रत्येक बोअरवर बिडाचा हातपंप बसवला गेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बघितलं तर साधारण चारातले तीन पंप बंद! त्या पंपाचं मूळ डिझाईन युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठीचं होतं, म्हणजे एक कुटुंब, दिवसाला चार बादल्या. इथे त्याच दांड्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव लटकलेलं. जोडाच्या पिना झिजायच्या, दांडा डुगडुगायचा, आतली सळई तिरकी ओढली जायची आणि पंप गेला. यात गावाने काय बिघडवलं? जेवढं पाणी लागत होतं तेवढंच हापसलं ना त्यांनी.

उत्तर निघालं ते आपल्या मराठवाड्यातून आणि सोलापुरातून. तिथे ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातल्या लोकांनी आधी जालना पंप आणि मग सोलापूर पंप बनवला, आणि सोलापूर पंपातली आयडिया खरंच बघण्यासारखी आहे. दांडा एकाच ठिकाणी बंद बॉल बेअरिंगवर फिरतो आणि त्याच्या टोकाला चेन असते, त्यामुळे दांडा गोल फिरला तरी खालची सळई कायम सरळ वर-खाली जाते, तिरका ताण येतच नाही. वरून ओढून घेतलं तर बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी जास्तीत जास्त दहा मीटर वर चढतं, प्रत्यक्षात सातेक मीटरच धरायचं, म्हणून खोल बोअरमधे दट्ट्या खाली पाण्यातच सोडावा लागतो आणि मग एवढ्या लांब सळईचं वजन उचलायला दांडा भरीव लोखंडाचा करतात. तो जड लागतो ना हाताला, ते वजन आपल्याच मदतीला असतं.

ह्याच कल्पनेवरून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास ह्या सरकारी कारखान्यात इंडिया मार्क टू तयार झाला. पेटंट घेतलं नाही, डिझाईन सगळ्यांना खुलं ठेवलं, भारतीय मानक ठरलं आणि मग कितीतरी कारखाने तोच पंप बनवायला लागले. मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे, पंप चांगला होता हे झालंच पण बेअरिंग, चेन, वॉशर, पाईप हे सगळं देशातच बनत होतं, त्यामुळे सुटा भाग मागवायला परदेशात पत्र लिहायची वेळ आली नाही.

तरी एक अडचण राहिली. खालच्या दट्ट्याचा वॉशर बदलायचा तर सगळे लोखंडी पाईप तिकाटणं लावून वर काढायला लागायचे, म्हणजे गाडी आणि टीम येईपर्यंत बायकांची पायपीट चालूच. म्हणून पुढे मार्क थ्री आला, त्यात पाईप रुंद केला आणि दट्ट्या पाईपातूनच वर खेचता यायला लागला. पाईप महाग पडतो, पण गावातला माणूस काम करू शकतो.

आता आफ्रिका बघा. हाच मार्क टू तिथल्या बऱ्याच देशांत गेला. २००९ मधे रूरल वॉटर सप्लाय नेटवर्क ह्या ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सहाराच्या दक्षिणेकडच्या वीस देशांचे आकडे मांडले तेव्हा सरासरी ३६ टक्के हातपंप बंद होते. काही भागांत भूजलच आम्लधर्मी, तिथे जस्ताचा मुलामा उडतो, पाईप गंजतो, पाणी लालसर येतं, चवीला लोखंड लागतं आणि लोक परत जुन्या ओढ्यावर जातात. पंप दानात मिळाला, उद्घाटन झालं, फोटो निघाले, पण वॉशरचं दुकान किती लांब आहे हे कोणी विचारलंच नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो कारण पाणी नसण्याची किंमत त्या घरातली मुलगी शाळा बुडवून मोजते.

केनियात क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हँडलमधे छोटा सेन्सर बसवून बघितला, तो दांड्याची हालचाल मोजून मोबाईलवर मेसेज पाठवतो, हालचाल थांबली की कळतं पंप बंद आहे. आधी दुरुस्तीला सरासरी २७ दिवस लागायचे ते तीन दिवसांच्या आत आले. पण नुसत्या सेन्सरने पंप दुरुस्त होत नाही, मेसेज आला की सुटे भाग घेऊन निघणारे पगारी मेकॅनिक त्यांनी आधी नेमले होते, आणि ट्रायल संपल्यावर त्यांचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न सेन्सरपेक्षा अवघड निघाला.