गाळ घटला खरा, पण किड्यांनी किती खाल्ला?

सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असो की नाशिकच्या तपोवनातलं महापालिकेचं केंद्र, पाणी शुद्ध झालं तरी गाळ उरतोच. तो उपसून, सुकवून, टँकरने हलवायचा खर्च मोठा. हवा सोडून पाणी शुद्ध करणाऱ्या एरेशन टाकीतला हा गाळ म्हणजे मुख्यतः जिवाणूंचे पुंजके. त्यांना खाणारा जीव गाळात सोडला, तर खाल्लेल्यातला बराच भाग श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यासाठी लुंब्रिक्युलस हा गांडुळाचा पाण्यातला भाऊबंद बारीक जाळीत बसवला: तोंड गाळात, शेपूट पलीकडच्या हवेशीर पाण्यात. विष्ठा शेपटीकडे पडते, म्हणून वेगळी काढता येते.

लुंब्रिक्युलस थंड पाण्यातला. नाशिकच्या मे महिन्यात त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे ट्युबिफेक्स किडे बरे, तेही टाकी सावलीत ठेवूनच.

किडे खरंच किती गाळ खातात, याच्या चाचणीसाठी दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत एरेशन टाकीतला एकेक लिटर गाळ, लिटरमागे साधारण ३ ग्रॅम घन पदार्थ असलेला. एकीत पाणी निथळलेले १० ग्रॅम किडे. दोन्हींत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), पण हवा मंद. जोराच्या हवेने गाळ घुसळला जातो आणि किड्यांना स्थिर बसता येत नाही. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. पाच-सहा दिवसांनी किडे चाळून काढा, गाळ गाळणकागदावर घेऊन १०५ अंशांवर वाळवा, वजन करा.

बिनकिड्यांची बरणी अनेक जण वगळतात आणि तिथेच फसतात. नुसत्या हवेनेही जिवाणू स्वतःचं शरीर जाळतात. समजा ३ ग्रॅमचे साध्या बरणीत २.६ आणि किड्यांच्या बरणीत २.१ उरले, तर किड्यांचं श्रेय ०.५ ग्रॅम, ०.९ नव्हे.

बिघडतं बहुधा अमोनियामुळे. किडे गाळ पचवतात तेव्हा त्यातला नायट्रोजन पाण्यात सुटतो. पीएच आणि तापमान चढलं की त्याचा विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो. त्यात वीज गेली, हवा थांबली, की किडे मरतात. मेलेले कुजून अमोनियात आणखी भर. कुजका वास आला की बरणी रिकामी करा, पण नासर्डी नदीत नाही: किडे आधी उकळत्या पाण्याने मारा. गाळावरचं पाणीही नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेलं असतं, ते प्रक्रियेच्या सुरुवातीलाच परत सोडावं लागतं.

कारखान्याचं पाणी मिसळलेला गाळ यासाठी नकोच. तांब्यासारखे धातू किड्यांना मारतात. किडे तगले तरी गाळ कमी होतो, धातू तेवढेच राहतात.